पुढची कादंबरी शोधायची कशी? नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी

वाचायची हौस आहे, रात्री झोपायच्या आधीचा अर्धा-पाऊण तासही राखून ठेवलाय, पण उचलायचं काय तेच कळत नाही, मग कुठल्यातरी "आयुष्यात वाचायलाच हव्यात" छापाच्या यादीतलं पहिलं नाव घेऊन बसायचं, चाळीस पानांत कंटाळा येतो, आणि "कादंबरी हा आपला प्रांतच नाही" म्हणून पुस्तक बाजूला. नवीन वाचकांचं हे असं होताना इतक्यांदा बघितलंय की आता सगळं एकदा सविस्तर लिहूनच काढते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की पुढची कादंबरी यादीत सापडत नाही, ती तुम्हाला आधी आवडून गेलेल्या कादंबरीतून सापडते. याद्या, बक्षिसं, रिव्ह्यू, अ‍ॅप ही सगळी साधनं कामाची आहेत, मी स्वतः रोज वापरते, पण त्यांचा नंबर दुसरा. आपल्याला नक्की काय आवडतं हे माहीत नसताना याद्या बघत बसलं तर नुसती नावं जमत जातात.

पहिली पायरी: आवडलेलं एक पुस्तक घ्या आणि त्यात काय आवडलं ते शोधा

शेवटची कुठली कादंबरी तुम्ही जेवण लांबवून वाचली होती ती आठवा. शाळेत असताना वाचलेली असली तरी चालेल, रहस्यकथा असली तरी चालेल, लोक जिला हलकी म्हणतात तशी असली तर आणखी बरं, कारण ती तुम्ही कोणाला दाखवायला वाचलेली नसणार. आता तिचा विषय क्षणभर बाजूला ठेवा आणि तुम्ही पुस्तकात शिरलात कुठून ते बघा.

अमेरिकेत सिएटलला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या, वाचकांना पुस्तकं सुचवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी एक फार उपयोगी गोष्ट मांडली, की पुस्तकात शिरायचे चार दरवाजे असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात पण एखादा दरवाजा मोठा असतो, आणि प्रत्येक वाचकालाही आपला आपला एखादा दरवाजा जास्त आवडतो. ज्याला गोष्ट हवी तो "पुढे काय झालं" म्हणून पानं उलटत राहतो. ज्याला माणसं हवीत त्याला पुस्तक संपल्यावर त्यातल्या लोकांची आठवण येत राहते, म्हणजे खरोखरच्या ओळखीच्या माणसाची येते तशी. जागावाला वाचक म्हणतो की मला तिथे राहून आल्यासारखं वाटलं, आणि भाषावाला एखादं वाक्य परत परत वाचतो, मोठ्याने वाचतो, शेजारी कोणी असेल तर त्यालाही ऐकवतो.

ही वाटणी कळली की एक मोठा गोंधळ मिटतो. आपण साधारण विषयावरून पुस्तक शोधतो, युद्धावरची आवडली म्हणून अजून एक युद्धावरची, डॉक्टरांवरची आवडली म्हणून अजून एक डॉक्टरांवरची, आणि विषय बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो. मध्यंतरी मी एक कादंबरी वाचली, सगळी एका मालवाहू बोटीवर घडणारी, महिनाभराचा प्रवास, दहा-बारा माणसं, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं. हातातून सुटली नाही. संपल्यावर बसून विचार केला की यात मला नक्की काय भावलं, समुद्र? तर नाही, समुद्राची वर्णनं मी भराभर पुढे ढकलत होते. आवडलं ते हे की माणसं एका जागी अडकलीत, कोणालाच बाहेर पडता येत नाही आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशेजारीच रोज जेवायला बसावं लागतं. मग मी समुद्राचा नाद सोडला आणि "कोंडलेली माणसं" शोधायला लागले, आणि त्यातून सापडली ती कादंबरी होती बर्फाने रस्ता बंद झालेल्या एका डोंगरातल्या वसतिगृहाची, तिच्यात पाण्याचा थेंब नाही पण वाचताना मिळालेला आनंद अगदी त्याच जातीचा. विषयावरून शोधत बसले असते तर या पुस्तकापर्यंत कधी पोचलेच नसते.

चार दरवाज्यांशिवाय अजून दोन-तीन गोष्टी बघून ठेवा. वेग कसा होता, भराभर की सावकाश. गोष्ट कोण सांगतंय, "मी" म्हणून एकच माणूस, की सगळ्यांच्या मनातलं माहीत असणारा लेखक, की पत्रं, डायऱ्या असलं काही. आणि काळ सरळ जातो की पुढे-मागे उड्या मारतो. बऱ्याच लोकांना वाटतं आपल्याला अवघड पुस्तकं जमत नाहीत, आणि प्रत्यक्षात त्यांना फक्त काळाच्या उड्या आवडत नसतात, सरळ सांगितलेली कितीही गहन कादंबरी ते आरामात वाचतात.

दुसरी पायरी: नोंद ठेवा, पण छोटी

याचा कंटाळा करू नका, सगळ्यात जास्त फायदा याच सवयीचा आहे. पुस्तक संपल्यावर एका दिवसाच्या आत चार-पाच ओळी लिहायच्या, वहीत लिहा नाहीतर फोनमध्ये. परीक्षण लिहायचं नाही, कथासार तर अजिबात नाही, ते कुठेही मिळतं. फक्त तुमच्यावर काय परिणाम झाला ते. माझ्या वहीतली अलीकडची एक नोंद तशीच उतरवते:

"निवेदक म्हातारी, खोटं बोलते, हे हळूहळू कळतं. गोष्ट फार नाही. पान ६० पर्यंत कोण गेलंय तेच कळेना, तरी वाचत राहिले. दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता भांडी पुसत भांडतात तो प्रसंग सगळ्यात भारी. शेवट घाईत उरकलाय. अनुवाद छान, कुठे अडखळायला झालं नाही. अजून हवं: खोटं बोलणारे निवेदक, बहिणी."

बस, एवढंच. यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, "अजून हवं". अशा दहा-बारा नोंदी जमल्या की सगळ्या "अजून हवं" एकाखाली एक वाचून बघा, तुमची आवड तुम्हाला समोर लिहिलेली दिसेल आणि ती तुम्ही समजत होतात तशी बहुतेक नसेल. न आवडलेल्या पुस्तकांच्याही नोंदी ठेवा, का आवडलं नाही ते नेमकं लिहा. "बोअर" हा शब्द चालणार नाही. बोअर कशामुळे झालं? संवाद नव्हते म्हणून, की सगळे एकसारखंच बोलत होते म्हणून, की लेखक सारखा मध्ये येऊन समजावून सांगत होता म्हणून? पुढे रिव्ह्यू वाचताना आणि पुस्तकं चाळताना हीच कारणं उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: हातातल्या पुस्तकातच पुढच्या पुस्तकाचे धागे असतात, ते ओढा

लोक पहिल्या प्रकरणापासून सुरू करतात आणि शेवटच्या ओळीला पुस्तक मिटतात, पण कादंबरीच्या मागच्या-पुढच्या पानांत खजिना असतो.

श्रेयपानापासून सुरुवात करा, म्हणजे ते बारीक अक्षरातलं पान, जिथे प्रकाशक, आवृत्ती वगैरे छापलेलं असतं. पुस्तक मुळात कुठल्या साली आलं, हे पुनर्मुद्रण आहे की नवी आवृत्ती, अनुवाद असेल तर कोणत्या भाषेतून आणि कोणी केलाय, हे सगळं तिथे असतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, तोही तिथेच, २००७ पासून तो तेरा आकडी आहे, आणि एकाच कादंबरीच्या वेगवेगळ्या अनुवादांना, वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगळा नंबर असतो. त्यामुळे कोणी तुम्हाला एखाद्या जुन्या रशियन किंवा फ्रेंच कादंबरीचा ठराविक अनुवाद सुचवला तर नावावरून शोधण्यापेक्षा या नंबरावरून शोधा, नेमकं तेच पुस्तक मिळेल.

अनुवादकाचं नाव तर पाठ करून ठेवावं असं असतं. अनुवादित कादंबरी आवडली तर लेखकाची दुसरी पुस्तकं आपण शोधतोच, पण त्याच अनुवादकाने आणखी कोणाचं काय आणलंय तेही बघा. बरेच अनुवादक स्वतः पुस्तकं निवडतात, हे आपल्या भाषेत यायलाच हवं म्हणून प्रकाशकांच्या मागे लागतात, म्हणजे अनुवादकाच्या कामाची यादी ही एका चोखंदळ वाचकाची यादीच झाली, आणि ती आपल्याला फुकटात मिळते! इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकात २०१६ पासून बक्षिसाची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते, आणि मला ते फार योग्य वाटतं, कारण आपण वाचतो ते प्रत्येक वाक्य अनुवादकाने लिहिलेलं असतं.

मग ऋणनिर्देश आणि अर्पणपत्रिका. लेखक तिथे ज्या लेखकांचे, संपादकांचे आभार मानतो ती नावं टिपून घ्या. लेखकाच्या मुलाखती मिळाल्या तर त्यात "सध्या काय वाचताय" आणि "तुमच्यावर कोणाचा प्रभाव" या दोन प्रश्नांची उत्तरं तेवढी शोधा. आवडत्या लेखकाचा आवडता लेखक, ही माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीची वाट आहे, यादीतून उचललेली पुस्तकं निम्मीअर्धी फसतात पण या वाटेने आलेली क्वचितच.

प्रस्तावनेबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना अभ्यासकांच्या प्रस्तावना असतात आणि त्यात शेवट खुशाल सांगून टाकलेला असतो. म्हणून प्रस्तावना शेवटी वाचा. चांगली प्रस्तावना पुस्तकानंतर वाचली की दुप्पट कळते, शिवाय त्यात त्याच काळातल्या आणखी चार कादंबऱ्यांची नावं मिळतात.

चौथी पायरी: बक्षिसं बघा, पण विजेत्यावर थांबू नका

बक्षिसांच्या याद्यांचा उपयोग कसा करायचा हे कोणी नीट सांगत नाही. उदाहरणार्थ बुकर, १९६९ पासून दिलं जातंय, इंग्रजीत लिहिलेल्या आणि ब्रिटन-आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या कादंबरीला, आणि २०१४ पासून लेखक कुठल्याही देशाचा असला तरी चालतो. त्यात आधी बारा-तेरा पुस्तकांची लांब यादी येते, मग सहांची छोटी यादी, आणि मग एक विजेता. सगळं जग त्या एकावर तुटून पडतं. पण विजेता म्हणजे पाच परीक्षकांचं ज्यावर एकमत झालं, निदान तडजोड झाली, ते पुस्तक, आणि एखाद्या परीक्षकाचं अत्यंत लाडकं पण बाकीच्यांना न पटलेलं पुस्तक लांब यादीतच राहून गेलेलं असतं. वेगळं, थोडं विचित्र, जीव लावावा असं काही हवं असेल तर लांब यादी वाचा. आणि या वर्षीचीच कशाला, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची काढा, त्यातली पुस्तकं लायब्ररीत सहज मिळतात, कोणी रांगेत नसतं.

नोबेलचं वेगळं आहे. ते लेखकाच्या एकूण कामाला मिळतं, त्यामुळे नोबेल जाहीर झालं की कुठलं पुस्तक घ्यायचं हा प्रश्न उरतोच, आणि दुकानात समोर मांडलेलं असतं ते बहुतेक सगळ्यात जाड किंवा सगळ्यात अलीकडचं. मी अशा वेळी त्या लेखकाची दोनशे पानांच्या आतली कादंबरी शोधते. आवाज जमतोय का ते कळायला तेवढी पुरते.

आपल्याकडचं सांगायचं तर साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून आहेत आणि आता चोवीस भाषांना दिले जातात, म्हणजे नुसती मराठी यादी बघून थांबू नका, कन्नड, मल्याळम, बंगाली, उर्दू, आसामी अशा याद्या काढा आणि त्यातलं काय काय मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत आलंय ते बघा. फक्त हे लक्षात असू द्या की हा पुरस्कार एकट्या कादंबरीचा नाही, कविता, कथा, समीक्षा, आत्मचरित्र कशालाही मिळतो, त्यामुळे नाव टिपण्याआधी साहित्यप्रकार तपासा. अकादमीचा अनुवादासाठीचा वेगळा पुरस्कारही आहे, त्यातली मराठीची यादी तर नव्या वाचकाला फारच सोयीची, कारण त्यातलं प्रत्येक पुस्तक मराठीत आधीच आलेलं असतं.

"नवीन कादंबरी" म्हणजे याच वर्षी आलेली, असं मात्र धरून चालू नका. २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर ज्या कादंबरीला मिळालं ती मूळ हिंदीत २०१८ ला आली होती, इंग्रजीत २०२१ ला, म्हणजे इंग्रजी वाचकांपर्यंत "नवीन" म्हणून पोचली तेव्हा हिंदीवाल्यांची वाचून झाली होती. आणि हर्मन मेलव्हिल या अमेरिकन लेखकाची मोठ्या देवमाशावरची कादंबरी १८५१ ला छापली गेली, फार चालली नाही, तो १८९१ ला वारला तेव्हा जवळपास विस्मृतीत गेला होता, आणि १९२० च्या दशकात लोकांनी ती पुन्हा उचलली ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. तुम्ही वाचली नसेल तर ती तुमच्यासाठी नवीनच आहे, छापल्याची तारीख काही का असेना.

पाचवी पायरी: लायब्ररीत नुसते जाऊ नका, तिथे रेंगाळा

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, आणि तिसरा म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. मला तिसरा नियम जास्त आवडतो. कपाटात एखादं पुस्तक वर्षानुवर्षं कोणाची तरी वाट बघत असतं हा विचारच किती छान आहे.

तर तिथे जाऊन करायचं काय? नुकतीच परत आलेली पुस्तकं जिथे ठेवतात ती जागा आधी बघा, कारण ती पुस्तकं माणसांनी खरोखर घरी नेऊन आणलेली असतात. मग तुमच्या आवडत्या लेखकाच्या कपाटापाशी जा. बऱ्याच ठिकाणी कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावतात, त्यामुळे शेजारी कोण आलंय हा निव्वळ आडनावाचा योगायोग, आणि म्हणूनच तिथे अशी पुस्तकं हाताला लागतात जी कुठलंही अ‍ॅप तुम्हाला कधी दाखवणार नाही. कॅटलॉग कॉम्प्युटरवर असेल तर आवडत्या पुस्तकाची नोंद उघडा आणि त्याखालच्या विषयशीर्षकावर क्लिक करा, त्या विषयाची बाकी पुस्तकं समोर येतात.

आणि ग्रंथपालांशी बोला. त्यांना "चांगलं काही आहे का" असं विचारलं तर ते बिचारे काय सांगणार, सगळ्यात जास्त खपणारं पुस्तक हातात देतील. त्याऐवजी असं विचारा की "मला ही कादंबरी आवडली, कारण यात माणसं कमी आहेत आणि सगळं एका घरात घडतं, ही दुसरी अर्ध्यात सोडली कारण तिच्यात पात्रंच पात्रं होती, आता असं काही आहे का जे दोनशे-अडीचशे पानांचं असेल?" एक आवडलेलं, एक सोडलेलं, दोन्हींची कारणं, आणि पानांचा अंदाज, एवढं दिलंत की समोरचा माणूस खुलतो. मित्रमैत्रिणींना विचारतानाही हाच नमुना वापरा. सोडलेल्या पुस्तकाचं नाव सांगायला लोक लाजतात, पण खरी मदत त्यानेच होते.

सहावी पायरी: ऑनलाइन रिव्ह्यू कसे वाचायचे

तारे मोजू नका, सरासरी रेटिंगवरून पुस्तक तुम्हाला आवडेल का हे अजिबात कळत नाही. मधल्या, म्हणजे तीन ताऱ्यांच्या रिव्ह्यूंपासून सुरू करा. पाच तारेवाले प्रेमात असतात, एक तारावाले रागात, तीनवाला माणूस काय जमलं आणि काय नाही ते शांतपणे सांगतो. आणि त्यातलं मत सोडून द्या, त्या मतामागचं कारण तेवढं वाचा. कोणी लिहिलं की "काहीच घडत नाही, दोन म्हातारी माणसं नुसती बोलत बसतात", तर त्याच्यासाठी ही तक्रार असेल, माझ्यासाठी मात्र ते पुस्तक लगेच मागवण्याचं कारण आहे. न आवडण्याची कारणं नोंदवायला सांगितली ती याच्यासाठी.

गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाइटवर माणसं भरपूर आहेत, त्यामुळे रिव्ह्यूंना तोटा नाही, तर स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या वेबसाइटवर पुस्तकाचा मूड आणि वेग यावरून शोधता येतं, आपल्या पहिल्या पायरीला ते चांगलं जुळतं. दोन्हीकडे करायचं काम एकच, आपल्यासारखी आवड असणारी तीन-चार माणसं शोधायची आणि त्यांच्या मागे राहायचं. ती ओळखायची कशी, तर तुम्हाला आवडलेलं पण फारसं न गाजलेलं पुस्तक घ्या आणि ते कोणी मनापासून वाचलंय ते बघा. गाजलेल्या पुस्तकावर सगळ्यांचंच जमतं, त्यावरून काही कळत नाही. आणि "ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं" या प्रकारावर फार विसंबू नका, तिथे तुम्हाला त्याच त्या खपाच्या पुस्तकांभोवती फिरवतात.

सातवी पायरी: घेण्याआधी चाखून बघा

मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो, त्याच्यावर जाऊ नका. पहिली तीन-चार पानं वाचा, आणि मग मधलं एखादं पान उघडा. फोर्ड मॅडॉक्स फोर्ड या इंग्रज लेखकाचा सल्ला होता की पुस्तक नव्याण्णवव्या पानावर उघडा, तिथे त्याचा दर्जा कळतो. आकडा काही का असेना, मुद्दा बरोबर आहे, पहिलं प्रकरण लेखकाने दहा वेळा घासूनपुसून लिहिलेलं असतं, शंभराव्या पानाच्या आसपास तो रोजच्या चालीने लिहीत असतो आणि तुम्हाला पुढचे कित्येक दिवस त्याच चालीसोबत राहायचंय. त्या पानावर संवाद असतील तर ते मनातल्या मनात बोलून बघा, दोन माणसांचं बोलणं वेगवेगळं वाटतं का? वर्णन असेल तर डोळ्यासमोर काही येतं का? ईबुक असेल तर सुरुवातीचा भाग सॅम्पल म्हणून फुकट मिळतो, तो आधी डाउनलोड करून वाचा, मग ठरवा.

जुन्या परदेशी कादंबरीचे दोन-तीन अनुवाद मिळत असतील तर तोच पहिला परिच्छेद सगळ्यांत वाचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक बघून चकित व्हाल, एकीत माणूस बोलतोय असं वाटतं आणि दुसरीत सरकारी पत्र.

आठवी पायरी: सुरू केल्यावर कधी थांबायचं

नॅन्सी पर्ल यांचाच अजून एक नियम आहे, पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा, आणि तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, जेवढे उरतील तेवढीच पानं पुस्तकाला द्या. सत्तरीच्या माणसाने तीस पानं वाचली की झालं. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो.

पण सोडण्याआधी एक तपासा, कंटाळा येतोय की नुसतं अवघड जातंय. कंटाळा म्हणजे पुढे काय होईल याच्याशी तुम्हाला काही घेणंदेणंच नाही. अवघड म्हणजे उत्सुकता आहे पण कोण कोणाचा कोण तेच कळत नाही. दुसऱ्यावर उपाय आहे, एका कागदावर नावं आणि नाती लिहा आणि तो कागद बुकमार्क म्हणून आतच ठेवा. रशियन कादंबऱ्यांत एकाच माणसाला घरचे एका नावाने हाक मारतात, बाहेरचे दुसऱ्या, आणि कागद नसला की तीन माणसं आहेत असं वाटत राहतं. कागद केला की त्याच कादंबऱ्या सुसाट जातात, खरंच.

एकोणिसाव्या शतकातल्या जाडजूड कादंबऱ्यांसाठी अजून एक युक्ती. त्यातल्या बऱ्याचशा मुळात हप्त्याहप्त्याने छापून आल्या होत्या, डिकन्सच्या बऱ्याचशा महिन्याच्या महिन्याला यायच्या, आपल्याकडे ह. ना. आपट्यांनी १८९० ला "करमणूक" साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः आल्या. तेव्हाचे वाचक तेवढाच भाग वाचून पुढच्या अंकाची वाट बघायचे. त्यामुळे आठशे पानं एका दमात संपवायचा हट्ट धरू नका, रोज दोन प्रकरणं वाचा, प्रकरणाचा शेवट तुम्हाला दुसऱ्या दिवशी परत ओढून आणेल अशाच बेताने लिहिलेला असतो. एकीकडे अशी एक जाड आणि एकीकडे एक बारीक, असं दोन्ही चालू ठेवलं तर आणखी उत्तम, फक्त दोन्हींचा सूर वेगळा असू द्या, नाहीतर पात्रं एकमेकांत मिसळतात.

ज्यांना बसून वाचायला वेळच मिळत नाही त्यांनी ऑडिओबुक जरूर करून बघावं, ऐकणं हेही वाचणंच आहे. तिथे सॅम्पल ऐकताना कादंबरीपेक्षा वाचणाऱ्याचा आवाज आधी तपासा, तो पटला नाही तर कितीही चांगलं पुस्तक ऐकवत नाही.

नववी पायरी: फुकट मिळणारं सोडू नका

प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेली हजारो पुस्तकं तिथून उतरवून घेता येतात, आणि लिब्रिवॉक्सवर अशीच पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचून रेकॉर्ड केलेली आहेत. मराठीसाठी विकिस्रोत बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं, दुसऱ्या देशांत मुदत वेगळी असते, त्यामुळे एखादं पुस्तक एका ठिकाणी मोकळं आणि दुसऱ्या ठिकाणी बंद असं होऊ शकतं. या जुन्या पुस्तकांचा नव्या वाचकाला मोठा फायदा असा की आवड तपासायला काहीच जोखीम नाही, पाच उघडा, चार सोडा.

आणि शेवटचं, यादीबद्दल. वाचायच्या पुस्तकांची यादी सगळेच करतात आणि ती दोनशेवर गेली की तिच्याकडे बघवत नाही. माझ्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी असतात, हे कोणी सुचवलं, आणि ऐकताना माझे कान कशाने टवकारले. "मावशी, कारण अख्खी कादंबरी एका रात्रीत घडते." "अमुक मुलाखत, कारण लेखक म्हणाला की हे वाचून त्याने स्वतःचा मसुदा फाडला." एवढं लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी यादी उघडली तरी हात लगेच कशाकडे तरी जातो, आणि ज्या नावापुढे कारणच लिहिलेलं नाही ते बिनदिक्कत खोडून टाकता येतं. वाचून झाल्यावर ज्याने सुचवलं त्याला दोन ओळी नक्की कळवा, आवडलं नसलं तरी कळवा, कारण तुम्हाला काय भावतं हे त्या माणसाला कळत जातं आणि पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी आणखी नेमकं काहीतरी घेऊन येतो.